चाचणी चालेना, दोष कोठे?

एक मीटर लांबीच्या दोऱ्याला पितळेचा गोळा टांगा, तो थोडा बाजूला ओढा आणि सोडून द्या. गोळा पलीकडे जाऊन परत येण्यास सुमारे दोन सेकंद घेतो. हा प्रयोग तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत केलेला असेल. वीस आंदोलनांना लागणारा वेळ मोजायचा, त्याला विसाने भागायचे, की लंबकाचा दोलनकाल हाती येतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या महाविद्यालयात अकरावीच्या काही मुलांसाठी संगणकाचा एक छोटा वर्ग चालवला होता. त्या वर्गातील एका विद्यार्थिनीने हाच प्रयोग केला आणि ती चिंतातुर चेहऱ्याने माझ्याकडे आली.

"सर, हे स्टॉपवॉच बिघडलेले दिसते. वीस आंदोलनांना ४०.२ सेकंद दाखवते. म्हणजे एकाला दोन सेकंद. पण उत्तर १९.६७ सेकंद यायला हवे."

"असे कोणी सांगितले?"

"माझ्या प्रोग्रामने. आणि सर, त्याची चाचणीही घेतली आहे. 'सक्सेस' असे आले होते."

एक मीटरचा लंबक एका आंदोलनाला जवळजवळ वीस सेकंद घेईल हे कोणालाही पटणार नाही. तिलाही ते पटले नव्हते. डोळ्यांसमोर गोळा हलत होता, घड्याळ बरोबर चालत होते, तिने मोजणीही नीट केली होती. तरीसुद्धा पडद्यावरील एका शब्दापुढे तिने स्वतःचे निरीक्षण खोटे ठरवले. हे कसे झाले याचा शोध घेण्यात आमची एक संपूर्ण दुपार गेली. त्या दुपारी जे सापडले ते प्रोग्राम लिहू लागलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला केव्हातरी येतेच, म्हणून ते येथे सविस्तर सांगतो.

चाचणी म्हणजे काय?

आमच्या वर्गात जावा ही भाषा शिकवली होती. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि १९९५ मध्ये ती जगापुढे आली. जावात लिहिलेला मजकूर आधी कंपायलर नावाच्या प्रोग्रामकडे जातो. तो त्याचे रूपांतर क्लास फाइलीत करतो, आणि ती फाइल 'जावा व्हर्च्युअल मशीन' नावाचे काल्पनिक यंत्र वाचून चालवते. काल्पनिक अशासाठी की ते लोखंडाचे नाही, तोही एक प्रोग्रामच आहे. आपण त्याला नुसते जावा यंत्र म्हणू.

आता समजा, लंबकाची लांबी दिली की दोलनकाल काढून देणारा प्रोग्राम तुम्ही लिहिला. लांबीला गुरुत्वत्वरणाने भागायचे, वर्गमूळ काढायचे आणि त्याला २π ने गुणायचे. तो बरोबर आहे की नाही हे कसे ठरवाल? ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न त्याला विचारायचा. लांबी १ मीटर, गुरुत्वत्वरण ९.८ घेतले तर उत्तर २.००७ सेकंद आले पाहिजे. ही विचारपूस दर वेळी हाताने करण्याचा कंटाळा येतो, म्हणून ती करणारा आणखी एक छोटा प्रोग्राम लिहितात. तीच चाचणी. अपेक्षित उत्तर आणि मिळालेले उत्तर जुळले तर हिरवी खूण, न जुळले तर तांबडी.

अशा चाचण्या घेण्यासाठी जावात जेयुनिट नावाची एक लायब्ररी वापरतात. तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा हे दोघे एका परिषदेसाठी झुरिकहून अटलांटाला विमानाने निघाले होते. लांबच्या प्रवासात वेळ कसा घालवायचा म्हणून दोघांनी मिळून जी आज्ञावली लिहायला घेतली, ती म्हणजे जेयुनिट. यांपैकी गामा यांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

एका त्रिकोणामागे आठ कड्या

प्रोग्राम लिहिण्याच्या वहीला कोड एडिटर म्हणतात. मराठीत त्याला संपादक म्हणायला हरकत नाही, पण मग या मासिकाच्या संपादकांशी गल्लत होईल. आमच्या वर्गातील मुले व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा एडिटर वापरत होती. मायक्रोसॉफ्टने तो २०१५ मध्ये प्रथम सादर केला, तो फुकट मिळतो, आणि तो घडवणाऱ्या गटाचे प्रमुख होते एरिक गामा, विमानात जेयुनिट लिहिणारे तेच.

या एडिटरला स्वतःला जावा येत नाही हे प्रथम ध्यानात घ्या. ते ज्ञान त्याला प्लगइन नावाच्या पुरवण्या देतात. त्यांपैकी दोन आपल्या कामाच्या. पहिली रेड हॅट कंपनीची. तिच्यात 'लँग्वेज सर्व्हर' नावाचा एक वेगळा प्रोग्राम असतो. आपण त्याला भाषासेवक म्हणू. तुमच्या सर्व फाइली वाचून कोठे काय आहे याची नोंद ठेवणे आणि त्या कंपाइल करून ठेवणे हे त्याचे काम. दुसरी पुरवणी मायक्रोसॉफ्टची 'टेस्ट रनर फॉर जावा'. ती चाचण्या शोधते आणि चालवते. पहिलीवाचून दुसरी पांगळी असते.

सर्व काही ठीक असेल तर चाचणीच्या ओळीशेजारी एक छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. तो दाबला की काय होते? एडिटर प्लगइनला निरोप देतो. प्लगइन भाषासेवकाला विचारते की ही चाचणी कोणत्या प्रकल्पातील, तिला कोणत्या लायब्रऱ्या लागतात. भाषासेवक ताज्या क्लास फाइली तयार आहेत की नाही ते पाहतो. मग प्लगइन एक भली मोठी आज्ञा जुळवते, तिच्यात कोणते जावा यंत्र वापरायचे आणि लायब्रऱ्या कोठे आहेत याची यादी असते. त्या आज्ञेने एक नवे, स्वतंत्र जावा यंत्र सुरू होते. त्याच्या आत जेयुनिट जागे होते, तुमची चाचणी शोधून चालवते. निकाल त्याच संगणकाच्या आतल्या आत एका जोडणीवरून प्लगइनकडे परत येतो. शेवटी एडिटर खूण उमटवतो.

मोजा, आठ कड्या झाल्या. आणि तुम्ही लिहिलेल्या सूत्राचा संबंध यांपैकी फक्त सहाव्या कडीशी, म्हणजे जेयुनिट चाचणी चालवते त्या कडीशी, येतो. बाकीच्या सातांपैकी कोठेही बिघाड झाला तरी पडद्यावर हिरवी खूण येणार नाही, आणि नवखा विद्यार्थी मात्र सूत्रातच खाडाखोड करत बसेल.

हिरवी, तांबडी आणि काहीच नाही

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तांबडी खूण आली म्हणजे साखळीच्या बहुतेक कड्या शाबूत आहेत. प्रश्न विचारला गेला, उत्तर आले, ते जुळले नाही एवढेच. जेयुनिट तर त्याहून बारीक भेद करते. अपेक्षेशी उत्तर जुळले नाही तर तिला ती 'फेल्युअर' म्हणते, आणि वाटेतच भलतेच काही घडले, उदाहरणार्थ निरीक्षणांची फाइलच सापडली नाही, तर 'एरर'. पण खूणच उमटली नाही तर ते उत्तर नव्हे. ज्याची काटापेटी जोडलेलीच नाही अशा तराजूचा काटा मध्यावर असणे आणि दोन पारडी समतोल असल्याने काटा मध्यावर असणे, यांत जो फरक तोच येथे आहे.

प्रयोगशाळेत मल्टिमीटर हाती घेतला की मी मुलांना आधी त्याच्या दोन तारांची टोके एकमेकांना टेकवायला लावतो. रोध जवळजवळ शून्य दाखवला तर मीटर धड आहे. मगच परिपथाला हात लावायचा. व्हर्निअर कॅलिपर घेतला की आधी शून्यांक दोष पाहायचा. चाचणी हेही मोजण्याचे उपकरणच आहे, आणि तेही आधी तपासावे लागते. ते कसे तपासायचे? जिचे उत्तर निर्विवाद आहे अशी एक चाचणी लिहा: २ आणि २ यांची बेरीज ४. यात लंबक नाही, सूत्र नाही, फाइल नाही. ही हिरवी होत नसेल तर दोष तुमच्या पदार्थविज्ञानात नाही. मग २ आणि २ यांची बेरीज ५ अशी मुद्दाम चूक करा. आता तांबडी खूण आलीच पाहिजे. ती आली नाही तर त्याआधीच्या हिरव्या खुणेलाही काही किंमत नाही.

माझ्या मते हे दुसरे पाऊल पहिल्याहून महत्त्वाचे, आणि नेमके तेच लोक गाळतात.

दिव्यांची माळ

पूर्वी दिवाळीत लहान दिव्यांच्या ज्या माळा मिळत त्यांत दिवे एकसरीत जोडलेले असत. एक गेला की सारी माळ अंधारात. हुशार वायरमन पहिल्या दिव्यापासून एकेक तपासत बसत नसे. तो मधोमध तपासे. अर्ध्यापर्यंत जोडणी ठीक असेल तर दोष उरलेल्या अर्ध्यात. मग त्याचे निम्मे. आठ कड्यांपैकी दोषी कडी अशा रीतीने तीन तपासण्यांत सापडते.

आपल्या साखळीचा मध्य कोठे आहे? एडिटरच्या कडेच्या पट्टीवर प्रयोगशाळेतील शंकुपात्रासारखे एक चित्र असते. ते दाबले की सापडलेल्या चाचण्यांची यादी उघडते. यादी रिकामी असेल तर चाचणी सापडलीच नाही, म्हणजे दोष शोधणाऱ्या अर्ध्यात. यादीत चाचणीचे नाव आहे पण ती चालवता येत नाही, असे असेल तर दोष चालवणाऱ्या अर्ध्यात. एक टिचकी आणि अर्धे काम झाले.

यादी रिकामी असण्याचे सर्वांत नेहमीचे कारण अगदी साधे आहे. विद्यार्थी प्रकल्पाचा फोल्डर उघडण्याऐवजी एकच फाइल उघडतात. मग भाषासेवकाला ती फाइल कोणत्या प्रकल्पाची हेच समजत नाही, आणि ही प्रकल्पाबाहेरची फाइल असल्याने केवळ व्याकरणाच्या चुका दाखवल्या जातील अशा अर्थाची सूचना तो देतो. ती सूचना इंग्रजीत असते, लहान अक्षरांत असते, आणि बहुतेक जण ती फुलीवर बोट ठेवून बंद करतात.

दुसरे कारण घाई. मोठा प्रकल्प उघडल्यावर भाषासेवकाला सर्व फाइली वाचण्यास वेळ लागतो. शिवाय तो 'लाइटवेट' नावाच्या हलक्या अवस्थेत सुरू झालेला असेल तर चाचण्या घेण्याची सोय त्यात नसतेच, 'स्टँडर्ड' अवस्थेत जावे लागते. एडिटरच्या तळपट्टीवर हे लिहिलेले असते. तिसरे कारण जेयुनिटची लायब्ररीच प्रकल्पात नसणे. मेव्हनसारखे साधन न वापरता साधा फोल्डर घेऊन काम करत असाल तर शंकुपात्राच्या जागेतच चाचण्यांची सोय करून घेण्याचे एक बटण मिळते, ते लागणाऱ्या फाइली 'लिब' नावाच्या फोल्डरात आणून ठेवते.

चौथ्या कारणावर थोडे रेंगाळू, कारण ते फसवे आहे. जेयुनिटची चौथी आवृत्ती २००६ ची आणि पाचवी २०१७ ची. पाचवीत सगळी मांडणी नव्याने केली गेली. २०२५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीनेही तीच मांडणी पुढे चालवली. चाचणीच्या डोक्यावर 'टेस्ट' अशी जी खूण लिहितात ती दोन्ही मांडण्यांत दिसायला सारखीच आहे, पण चौथीत ती 'ऑर्ग.जेयुनिट' या घराण्यातून येते आणि पाचवीत 'ऑर्ग.जेयुनिट.ज्युपिटर.एपीआय' मधून. एकाच आडनावाची दोन कुटुंबे समजा. एडिटर नाव पुरे करून देताना दोन्ही पर्याय पुढे ठेवतो, आणि घाईत चुकीचा निवडला जातो. समजा, 'टेस्ट' ही खूण चौथीची घेतली आणि प्रत्येक चाचणीपूर्वी तयारी करणारी 'बिफोरईच' ही खूण पाचवीची. कंपायलर तक्रार करत नाही. चाचणी चौथीच्या नियमाने चालते, चौथीला 'बिफोरईच' म्हणजे काय हे ठाऊक नसते, म्हणून तयारी होतच नाही. लंबक टांगण्याआधीच त्याचा दोलनकाल विचारल्यासारखे होते, आणि प्रोग्राम मध्येच कोसळतो. अशा वेळी फाइलीच्या आरंभीच्या 'इम्पोर्ट' ओळी वाचाव्यात. खालचा मजकूर कितीही वाचला तरी तेथे दोष दिसणार नाही.

यादी दिसते, पण चाचणी चालत नाही

या अर्ध्यातील दोष बहुधा आरडाओरडा करतात, त्यामुळे ते सोपे. उदाहरणार्थ, जावा यंत्राच्या आवृत्तीचा घोळ. प्रत्येक क्लास फाइलीच्या आरंभी चार बाइटांची एक ठरावीक खूण असते. सोळा पायाच्या अंकपद्धतीत लिहिली की तिच्यात 'कॅफे बेब' असे शब्द दिसतात, ही जावाच्या जनकांची गंमत. त्या खुणेपाठोपाठ आवृत्तीचा क्रमांक असतो. जावा ८ चा ५२, जावा १७ चा ६१, जावा २१ चा ६५. तुमच्या लक्षात आले असेलच की जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवले की हा क्रमांक येतो. फाइल ६५ क्रमांकाची आणि यंत्र ६१ पर्यंतच वाचणारे असेल, तर यंत्र स्पष्ट नकार देते आणि दोन्ही क्रमांक लिहून दाखवते. वजाबाकी करा, कोणती आवृत्ती कोठे आहे ते कळेल. संगणकावर दोन-तीन जावा यंत्रे एकाच वेळी असू शकतात, आणि एडिटर एक व टर्मिनल दुसरे वापरत असेल तर एकीकडे चालणारी चाचणी दुसरीकडे अडते.

कंपाइल होण्यात चूक असतानाही पुढे जायचे का, असे एडिटर कधीकधी विचारतो. 'हो' म्हणू नका. चालेल ते तुम्ही आता लिहिलेलेच असेल याची खात्री उरत नाही.

निरीक्षणांची फाइल न सापडणे हा आणखी एक नेहमीचा प्रकार. प्रोग्राम ज्या फोल्डरात उभा राहून फाइल शोधतो तो फोल्डर एडिटरमध्ये एक आणि टर्मिनलमध्ये दुसरा असू शकतो. आपल्याकडील मुलांसाठी एक वेगळी सूचना. जावात क्लासचे नाव 'लंबक' असे देवनागरीतही लिहिता येते, भाषेची त्याला हरकत नाही. पण फोल्डरांच्या नावांत देवनागरी असेल तर विंडोजवर वाटेतल्या एखाद्या कडीला ती अक्षरे नीट वाचता येत नाहीत आणि 'क्लास सापडला नाही' असा निरोप येतो, असे घडू शकते. अशी शंका आली तर प्रकल्पाची एक प्रत साध्या रोमन नावाच्या फोल्डरात ठेवून पाहावी.

भाषासेवकाची सारी साठवण पुसून त्याला नव्याने सुरू करण्याचीही एक आज्ञा आहे. ती उपयोगी पडते हे खरे. पण काही मुले पहिला उपाय म्हणून तीच वापरतात, रेडिओला थापड मारावी तशी. चाचणी चालू लागते, पण बिघाड कोठे होता ते कळत नाही आणि आठवड्याने तो परत येतो. आधी 'आउटपुट' या चौकटीतील मजकूर वाचावा, पुसापुशी शेवटी.

त्या दुपारी काय सापडले

आता आपल्या विद्यार्थिनीकडे वळू. तिने पहिल्या दिवशी सूत्र बरोबर लिहिले होते. पण तिने प्रकल्पाचा फोल्डर न उघडता एकच फाइल उघडली होती, त्यामुळे हिरवा त्रिकोण दिसेना. तिला वाटले, आपले काहीतरी चुकले. म्हणून तिने बदल करून पाहायला सुरुवात केली. कंस हलवले, नावे बदलली, आणि त्या ओघात लांबी भागिले गुरुत्वत्वरण याचे गुरुत्वत्वरण भागिले लांबी असे झाले. ९.८ चे वर्गमूळ ३.१३०५, त्याला २π ने गुणले की १९.६७. ते प्रसिद्ध उत्तर येथून आले होते.

त्रिकोण तरीही येईना. तेव्हा एका मित्राने सांगितले की टर्मिनलमधून मेव्हनची चाचणी-आज्ञा दे. मेव्हन हे प्रकल्प बांधून देणारे साधन आहे. लायब्रऱ्या आणणे, कंपाइल करणे, चाचण्या घेणे ही कामे ते ओळीने करते. सल्ला तसा चांगलाच होता, कारण अशाने एडिटर आणि त्याची प्लगइन बाजूला पडतात आणि साखळी अर्धी होते. तिने आज्ञा दिली. पडद्यावर बराच मजकूर सरकला आणि शेवटी आले, 'बिल्ड सक्सेस'.

पण या शब्दांचा अर्थ काय? सांगितलेली कामे अडथळ्याविना पार पडली, एवढाच. चाचण्या किती झाल्या हे तिने पाहिले नव्हते. मी पाहिले. एकही झाली नव्हती. मेव्हनचा चाचण्या घेणारा भाग, त्याचे नाव शुअरफायर, कोणता क्लास चाचणीचा हे त्याच्या नावावरून ओळखतो. नावाच्या आरंभी 'टेस्ट' असावे, किंवा शेवटी 'टेस्ट', 'टेस्ट्स' अथवा 'टेस्टकेस' असावे, असा त्याचा मूळचा नियम. तिच्या क्लासचे नाव होते 'लंबकचाचणी'. मराठीत याहून सुबोध नाव नाही, पण शुअरफायरला मराठी येत नाही. त्याने तो क्लास चाचणी म्हणून मोजलाच नाही. शून्य चाचण्यांपैकी शून्य चुकल्या, आणि काम यशस्वी!

येथे एक गोष्ट मला स्वतःला नव्याने शिकायला मिळाली. एडिटर चाचणी ओळखतो तिच्या डोक्यावरील 'टेस्ट' या खुणेवरून, आणि मेव्हन आधी क्लासचे नाव पाहतो. दोन तपासनीस दोन वेगळ्या याद्या घेऊन उभे असतात. त्यामुळे एकाचा निकाल दुसऱ्यावरून पडताळताना दोघांनी मोजलेल्या चाचण्यांची संख्या सारखी आहे ना, हे आधी पाहावे लागते.

आम्ही प्रकल्पाचा मूळ फोल्डर, म्हणजे जेथे 'पॉम.एक्सएमएल' ही मेव्हनची फाइल असते तो, एडिटरमध्ये उघडला. तळपट्टीवरील हालचाल थांबेपर्यंत वाट पाहिली. त्रिकोण उमटला. तिने तो दाबला आणि तांबडी खूण आली: अपेक्षित २.००७, मिळाले १९.६६९ आणि पुढे बरेच आकडे.

"आली!" ती म्हणाली. तांबडी खूण पाहून इतका आनंद झालेला विद्यार्थी मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

सूत्र पूर्ववत केले. पुन्हा तांबडी! या वेळी अपेक्षित २.००७, मिळाले २.००७०९ आणि पुढे आणखी आकडे. दशांश अपूर्णांकांची बरोबरी तपासताना किती फरक चालेल हे जेयुनिटला सांगावे लागते, नाहीतर ती शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबरी मागते. प्रयोगवहीत आपण चुकीची मर्यादा लिहितो तीच ही. ०.००१ एवढी मर्यादा दिली आणि खूण हिरवी झाली. क्लासचे नाव 'लंबकटेस्ट' केले, मेव्हनची आज्ञा पुन्हा दिली, आणि या वेळी चाचण्या एक, चुका शून्य असे आकड्यांत वाचले.

एवढ्यावर सारे संपले असे मात्र नाही. समजा, तिने चाचणीसाठी १ मीटरऐवजी ९.८ मीटर लांबी निवडली असती तर? मग लांबी आणि गुरुत्वत्वरण यांचे आकडे सारखेच, भागाकार दोन्हीकडून १, आणि उत्तर २π म्हणजे ६.२८३. बरोबर सूत्र आणि उलटे सूत्र दोन्ही हिरवे झाले असते! साखळीतील आठही कड्या धडधाकट, चाचणी खरोखर झालेली, आणि तरीही चूक लपलेली. येथे दोष प्लगइनचा नाही. प्रश्नच असा निवडला की बरोबर आणि चूक उत्तरांत भेद पडू नये.

म्हणून तुम्हांला एक काम देतो. लांबी चौपट केली की दोलनकाल दुप्पट होतो, हे तुम्ही शिकला आहात. गुरुत्वत्वरणाची किंमत काहीही घेतली तरी हे खरे राहते. हीच दुसरी चाचणी म्हणून लिहा: २५ सेंटिमीटरला १.००३५ सेकंद आणि १ मीटरला २.००७१ सेकंद, दोहोंचे गुणोत्तर २, मर्यादा ०.००१. नंतर सूत्र मुद्दाम उलटे करून चाचणी पुन्हा चालवा. गुणोत्तर ०.५ दिसले पाहिजे, आणि खूण तांबडी.